पितळेचे पातेले आणि सोळा कोटींचे इंजेक्शन

२०२१ सालची गोष्ट. करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. आमच्या पिंपळे सौदागरमधील सोसायटीच्या फाटकाशी कोणीतरी एक फलक आणून लावला. त्यावर दूरच्या शहरातील एका लहानग्याचा फोटो होता, खाली पैसे पाठवण्यासाठीचा चौकोनी कोड आणि ठळक अक्षरांत आकडा : सोळा कोटी रुपये. बाळाला ‘स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी’ नावाचा आजार आहे, औषध अमेरिकेतून येते आणि बाळ दोन वर्षांचे होण्याच्या आत ते मिळाले पाहिजे, असा मजकूर होता.

टेल्कोतून निवृत्त झालेले आमचे शेजारी अण्णा फलकासमोर बराच वेळ उभे होते. मला पाहताच म्हणाले, “डॉक्टर, सोळा कोटींत एक आख्खा दवाखाना उभा राहील. एका लेकरासाठी एवढा पैसा घालणं बरोबर आहे का? आणि नाही म्हणावं तर ते लेकरू फोटोतून बघतंय आपल्याकडे.”

मी त्या वेळी काही उत्तर दिले नाही. खरे तर मला देता आले नाही. चाळीस वर्षे मुलांचा डॉक्टर म्हणून काम केल्यावरही असा प्रश्न समोर आला की माणूस अडखळतो. आज या सदरातून त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. त्यासाठी आधी माझ्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या घरातले पातेले

आज जिथे दहा-दहा, बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत तिथे माझ्या लहानपणी ज्वारीची शेते होती आणि पवनेच्या काठी मळे होते. वडील शेती सांभाळून पिंपरीला एच.ए. कंपनीत, म्हणजे पेनिसिलीनच्या कारखान्यात जात. घरात दोन म्हशी होत्या. खाऊनपिऊन सुखी असे घर.

१९५८ साली मला धाकटा भाऊ झाला. बाळसेदार होता. वर्षाच्या आसपास तो किरकिरा झाला, खाईनासा झाला. हातपाय बारीक होत गेले आणि पोट मात्र वाढू लागले. पुढे डोळे पिवळे झाले. आजी म्हणाली दृष्ट लागली. वैद्यांनी मात्रा उगाळून दिल्या. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावून सांगितले, “याचे लिव्हर दगडासारखे झाले आहे. यावर औषध नाही.” दीड वर्षाचा होऊन तो गेला. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. आईने त्यानंतर वर्षभर गोड खाल्ले नाही, एवढे मला आठवते.

असे आमचे एकच घर नव्हते. त्या काळच्या वैद्यकीय पुस्तकांत या आजाराला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’, म्हणजे भारतीय बालकांचा यकृतकाठिण्याचा आजार म्हणत. सहा महिने ते पाच वर्षे या वयातली मुले त्यात सापडत. एकदा लक्षणे पुरती दिसू लागली की बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुले गेल्याची उदाहरणे होती. पुढे मी शिकाऊ डॉक्टर झालो तेव्हा पुण्याच्या रुग्णालयात ही मुले मीही पाहिली. त्यांच्या पोटाला हात लावताना बोटांना यकृताची कड धारदार लागे. आम्ही निदान अचूक करायचो. त्यापुढे आमच्या हातात काही नव्हते.

दारिद्र्य हे कारण म्हणावे, तर हा आजार दूधदुभत्याच्या घरातही होता. जंतू म्हणावा, तर तो कोणाला सापडत नव्हता. रक्तातून येतो म्हणावे, तर आईवडील धडधाकट असत.

आयांना विचारलेले साधे प्रश्न

१९७० च्या दशकाच्या अखेरीस असे दिसून आले की या मुलांच्या यकृतात तांबे प्रमाणाबाहेर साठलेले असते. आता प्रश्न असा की तान्ह्या बाळाच्या पोटात एवढे तांबे येते कोठून?

या प्रश्नाचा माग पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या जोडीने घेतला. त्यांनी आयांना अगदी साधे प्रश्न विचारले. बाळाला वरचे दूध कितव्या महिन्यापासून दिले? ते कशात तापवले? तापवल्यावर कशात ठेवले? तेच प्रश्न त्यांनी निरोगी मुलांच्या आयांनाही विचारले आणि दोन्हीकडची उत्तरे शेजारी शेजारी मांडली. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला आणि १९८७ साली तुलनेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध फार लवकर सुरू झाले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले वा साठवलेले होते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. अशा भांड्यात दूध राहिले की त्यात तांबे उतरते आणि दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटून बाळाच्या पोटात जाते. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाच्या यकृताला ते पुरतेपणी जमत नाही. आईच्या दुधात मात्र तांबे अगदी थोडे असते. आपल्या पूर्वजांनी पितळेला कल्हई करण्याची रीत घातली होती ती उगाच नव्हे. कथिलाचा तो थर दूध आणि पितळ यांच्यामध्ये आड येई. पण कल्हई उडते आणि कल्हईवाला काही दर महिन्याला दारात येत नाही.

सुज्ञ वाचक विचारतील, की पितळेच्या भांड्यातले दूध तर गावातल्या सगळ्याच मुलांनी प्यायले, मग आजार मोजक्यांनाच का? प्रश्न रास्त आहे. यावर शास्त्रज्ञांतही वाद झाले. काही मुलांच्या अंगी उपजतच तांबे न पेलण्याचा दोष असावा आणि त्यात भांड्याची भर पडत असावी, असे मानले जाते. ऑस्ट्रियातील टायरॉल या डोंगराळ भागातही अशाच आजाराने मुले दगावत होती आणि तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवत असत, हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ‘भारतीय’ म्हणून ओळखला जाणारा हा आजार फक्त भारताचा नव्हता, तो भांड्याचाही होता.

शरीरातले तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध या मुलांना देऊन पाहिले गेले. अगदी लवकर सुरू केले तर काही मुले वाचू लागली. या औषधाचा शोध पेनिसिलीनच्याच अभ्यासातून लागला. त्याच पेनिसिलीनच्या कारखान्यात माझे वडील रोज सायकलने जात, हे मनात आले की आजही अस्वस्थ व्हायला होते.

पण आजार हटला तो औषधाने नव्हे, जागृतीने आणि भांडी बदलल्याने. ‘बाळाचे दूध पितळेच्या भांड्यात तापवू नका’ हा निरोप गावोगाव गेला. शिवाय त्याच काळात जुन्या साड्या घेऊन स्टीलची पातेली देणारी बोहारीण घरोघर फिरत होती. तिने नकळत किती मुले वाचवली असतील, याची गणती नाही. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी बहुतेकांनी या आजाराचा एकही रुग्ण पाहिलेला नाही.

१९८३ चा तो निबंध मी ग्रंथालयात वाचला आणि त्या शनिवारी घरी आलो. आई ओसरीवर चिंच लावून तेच पितळेचे पातेले घासत होती. मी म्हणालो, “आई, हे मोडीत घालू या. जड आहे, तुला उचलत नाही.” तिने विचारले, “एवढंच कारण?” मी म्हणालो, “एवढंच.” ती जाईपर्यंत मी तिला खरे कारण सांगितले नाही.

आज ते चारचौघांत सांगतो आहे याला कारण आहे. माझ्या आईचा काही दोष नव्हता. १९५९ साली ते ज्ञान जगात कोणाकडेच नव्हते. ज्ञान नव्हते, कारण तोवर कोणी ते शोधले नव्हते. शोधायला माणसे लागतात, वेळ लागतो आणि पैसा लागतो. पंचवीस वर्षे आधी कोणी तो खर्च केला असता, तर आमच्या घरात आज आणखी एक म्हातारा असता.

पैसा आधी कोठे गेला पाहिजे?

आता सोळा कोटींच्या इंजेक्शनाकडे वळू. या आजारात मज्जारज्जूतील, स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बाळ मान धरत नाही, पुढे त्याला गिळता येत नाही आणि शेवटी श्वासही घेता येत नाही. जगात साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. आई आणि वडील दोघांकडेही एकेक सदोष जनुक असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक अशी शक्यता असते. आईवडील मात्र स्वतः ठणठणीत असतात.

या आजाराला कारणीभूत असलेले जनुक १९९५ साली पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या चमूने शोधले. त्यामागे पैसा कोणाचा होता? फ्रान्समध्ये स्नायूंचे आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांची एक संघटना आहे. १९८७ पासून दरवर्षी ती दूरदर्शनवर सलग तीस तासांचा कार्यक्रम करते आणि लोक दूरध्वनी करून वर्गणी देतात. ‘टेलेथॉन’ असे त्याचे नाव. बेकरीवाले, शाळकरी मुले, अग्निशामक दलाचे जवान असे सगळे त्यात उतरतात. त्या वर्गणीतून संघटनेने प्रयोगशाळा उभारल्या आणि संशोधकांचे पगार दिले. १९९५ साली जनुक सापडले, २०१६ साली या आजारावरच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०१९ साली जनुक-उपचाराच्या त्या महागड्या इंजेक्शनाला. म्हणजे शोध ते औषध हा प्रवास वीस-चोवीस वर्षांचा.

अण्णांच्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. वर्गणी फ्रेंचांनीही काढली आणि आपणही काढली. त्यांनी ती औषध शोधण्यासाठी काढली, आपण तयार औषध विकत घेण्यासाठी काढली. २०२१ साली महाराष्ट्रातील काही कुटुंबांनी दारोदार फिरून असे कोट्यवधी रुपये जमवले. काहींना इंजेक्शन मिळाले, काहींना मिळाले नाही. ज्यांना मिळाले तीही सगळीच मुले वाचली नाहीत. आणि त्या सगळ्या पैशातून पुढच्या बाळासाठी काहीच उरले नाही. पुढच्या बाळाचा फलक पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो.

याचा अर्थ फलकाला पाठ दाखवावी असा नाही. बुडणाऱ्याला आधी हात द्यायचा असतो. पण नदीवर पूल बांधायचा विषयही कधीतरी गावाने काढला पाहिजे.

‘आधी जुलाब, मग जनुके’

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला अनेक वर्षे पटत होता. आपल्या देशात जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण यांनी मुले दगावतात. त्यांच्यासाठी स्वस्त उपाय उपलब्ध आहेत. मग लाखात एखाद्याला होणाऱ्या आजारावर पैसा का उधळायचा?

पहिली गोष्ट, एकेक आजार दुर्मीळ असला तरी अशा आजारांची संख्या जगात सुमारे सात हजार मानली जाते. सगळे मिळून ते मुळीच दुर्मीळ राहत नाहीत. त्यांतील बहुतेक आनुवंशिक आहेत आणि जवळपास ९५ टक्के आजारांवर मान्यताप्राप्त औषधच नाही.

दुसरी गोष्ट, संशोधन म्हणजे प्रत्येक वेळी कोट्यवधींचे यंत्र नव्हे. पुण्याच्या डॉक्टरांनी आयांना भांड्यांविषयी विचारले, तेही संशोधनच होते. जन्मजात थायरॉइडची कमतरता पाहा. साधारण हजार-दीड हजार बालकांमागे एकाला ती असते. वेळीच कळली तर रोजच्या एका स्वस्त गोळीवर मूल शहाणे होते, शाळेत जाते. उशिरा कळली तर ते कायमचे मतिमंद राहते. कळण्यासाठी काय लागते? जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून काढलेले रक्ताचे चार थेंब. गोव्याने २००८ साली नवजात बालकांच्या अशा सरसकट तपासणीची योजना सुरू केली होती. महाराष्ट्रात प्रत्येक प्रसूतिगृहात ती अजून झालेली नाही.

तिसरी गोष्ट, इथे काम झाले की किंमत उतरते. याच आजारावर तोंडाने घ्यायचे ‘रिस्डिप्लाम’ नावाचे औषध आहे. मूळ विदेशी कंपनीच्या एका बाटलीची किंमत सहा लाखांच्या घरात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयातील लढाईनंतर नाटको या भारतीय कंपनीने तेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणले. मुंबईच्या आय.आय.टी. आणि टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांनी रक्ताच्या कर्करोगावर स्वदेशी पेशी-उपचार घडवला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याची किंमत परदेशी उपचाराच्या कितीतरी खाली आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर जनुक-उपचार यशस्वी केल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याला जमत नाही, हा बहाणा आता चालणार नाही.

सरकारने, कारखान्यांनी आणि आपण

केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २०२२ पासून त्यात प्रत्येक रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. ही मदत ठरावीक केंद्रांतूनच मिळते आणि त्यांपैकी आपल्या राज्यातील केंद्र म्हणजे मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय. पायरी चांगली आहे. पण आयुष्यभर चालणाऱ्या औषधाला ५० लाख किती दिवस पुरणार? धोरणात संशोधनाचा उल्लेख आहे, तो अंदाजपत्रकातही ठळकपणे दिसला पाहिजे.

आता आपल्या परिसराकडे पाहू. चाकण, भोसरी, तळवडे हा पट्टा देशातल्या मोठ्या कारखान्यांचा. २०१४ पासून कायद्याने मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे आहेत आणि सरकारी संशोधन संस्थांना दिलेला पैसाही त्यात धरला जातो. दवाखान्याच्या भिंतीवर नाव कोरून मिळते, प्रयोगशाळेत वीस वर्षे थांबावे लागते, म्हणून कंपन्यांचा ओढा भिंतीकडे. पण पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर आहे, पुण्यात नामांकित रुग्णालये आहेत. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही एकेकाळी हॅमायसिनसारखे बुरशीनाशक शोधले गेले. सरकारचा पैसा आणि युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य यांतून १९५४ साली उभा राहिलेला तो कारखाना. तेव्हा देश गरीब होता, तरी पेनिसिलीन आपण इथे करू, असे कोणालातरी वाटले होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे :

१) प्रत्येक जिल्ह्यात दुर्मीळ आजारांच्या मुलांची नोंदवही असावी. आजार किती आहेत हेच ठाऊक नसेल तर संशोधन कशावर करणार?

२) प्रत्येक नवजात बाळाची टाचेच्या रक्ताची तपासणी मोफत व्हावी.

३) कंपन्यांनी समाजकार्याच्या निधीतला ठरावीक वाटा एका वर्षासाठी नव्हे, दहा वर्षांसाठी बालरोग संशोधनाला बांधून द्यावा.

४) जनतेच्या पैशातून निघालेले औषध जनतेला परवडेल अशा किमतीत देण्याची अट आधीच घालावी.

आणि वाचकहो, आपणही काही करू शकतो. बाळ चार महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल, अंग कापसाच्या बाहुलीसारखे सैल लागत असेल, वारंवार झटके येत असतील, पोट वाढत असेल तर ‘आमच्याकडे मुले उशिराच चालतात’ म्हणून थांबू नका. घरात आधी एखादे मूल लहानपणी दगावले असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न ठरत असेल तर आधी आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्या. आणि एखाद्या अभ्यासासाठी कोणी रीतसर परवानगी मागून रक्ताचा नमुना किंवा घरची माहिती विचारली तर शंका जरूर विचारा, पण दार लावून घेऊ नका. चाळीस वर्षांपूर्वी दुःखात बुडालेल्या काही आयांनी अनोळखी डॉक्टरांना आपल्या स्वयंपाकघरातली भांडी सांगितली, म्हणून पुढची मुले वाचली.

अण्णांना मी परवा हे सगळे सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणजे दोन्हीकडे द्यायचे म्हणा की. एक फलकावरच्या लेकरासाठी आणि एक अजून जन्माला न आलेल्या लेकरासाठी.”

याहून नेमके उत्तर मला चाळीस वर्षांच्या डॉक्टरकीतही सुचले नव्हते.